हरणं टिपायला ट्रेल कॅमेरा कुठला घ्यावा? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहतो, मुरबाडकडे आमची थोडी जमीन आहे, तिला लागूनच जंगल, आणि गेली काही वर्षं मी तिथे कॅमेरे लावतोय. फोटो ज्याला ज्याला दाखवले त्याच्याकडून पुढे तेच तेच प्रश्न येत राहतात, कोणी येऊरच्या पायथ्याशी राहतं, कोणाचं कर्जतला फार्महाऊस आहे, कोणाला सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे रात्री काय खसफसतं ते बघायचंय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. नंबर टाकलेत कारण एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ येतो.

१. ट्रेल कॅमेरा म्हणजे नक्की काय? घरी जुना सीसीटीव्ही पडून आहे, तोच लावला तर नाही चालणार?

सीसीटीव्हीला सतत वीज लागते आणि तो सतत बघत बसतो. ट्रेल कॅमेरा झोपलेला असतो, समोरून अंगात ऊब असलेलं काहीतरी हललं की जागा होतो, फोटो काढतो, परत झोपतो, आणि म्हणूनच आठ पेन्सिल सेलवर दोन-तीन महिने आरामात निघतात. आपल्याकडे वनखात्यातली माणसं याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात, वस्तू तीच. बांधावर लाईट असेल तर सीसीटीव्ही चालेलही, पण जिथे हरणं येतात तिथे लाईट नसते, हा साधा हिशोब आहे.

२. यूट्यूबवर सगळे अमेरिकन लोक शिकारीआधी हरणं शोधायला हा वापरतात. आपल्याकडे त्यासाठी वापरता येतो का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, चितळ, सांबर, भेकर, पिसोरी सगळ्यांची, आणि जमीन तुमच्या स्वतःच्या नावावर असली तरीही. त्या व्हिडिओंमधलं कॅमेऱ्याचं ज्ञान मात्र घ्या, कारण कुठला कॅमेरा किती वेगाने जागा होतो, सेल किती टिकतात हे त्या लोकांनी खूप बारकाईने तपासलेलं असतं. फक्त तिथली थंडी आणि आपला जुलै यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेवढं डोक्यात ठेवून बघा (पावसाळ्याबद्दल प्रश्न ११).

३. मुंबईच्या आसपास खरंच हरणं आहेत का?

आहेत की! बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात चितळ आहेत, सांबर आहेत, भेकर आहे, आणि अगदी सशापेक्षा थोडी मोठी अशी पिसोरीही आहे. वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वर, पुढे शहापूर, मुरबाड, कर्जतची जंगलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त भेकर येतं, सांबर वर्षातून मोजून काही वेळा. चितळ कळपाने फिरतात आणि सकाळ-संध्याकाळ उजेडातही दिसतात, सांबर बहुतेक रात्रीचं आणि एकटंदुकटं, भेकर लाजाळू. तुमच्याकडे यातलं कोण येतं यावर कॅमेरा ठरतो, म्हणजे चितळ असतील तर दिवसाच्या फोटोची क्वालिटी बघा, सांबर-भेकर असतील तर रात्रीच्या फ्लॅशवर पैसे घाला.

४. कॅमेरा कुठेही लावला तर चालतो ना? नॅशनल पार्कमध्ये एखाद्या झाडाला बांधून येऊ का?

अजिबात नको. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, राखीव जंगल इथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही, तिकीट काढून आत गेलात म्हणजे ती परवानगी झाली नाही. स्वतःच्या जमिनीवर, किंवा ज्याची जमीन आहे त्याला विचारून, बिनधास्त लावा. सोसायटीची भिंत असेल तर कमिटीला सांगून. जमीन जंगलाला लागून असेल तर मी अजून एक करतो, तिथल्या वनरक्षकाला फोन करून सांगून ठेवतो की अमुक झाडावर माझा कॅमेरा आहे, कारण गस्तीवर असलेल्या माणसाला अचानक झाडाला बांधलेली पेटी दिसली की त्याला संशय येणारच. आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्या हद्दीच्या आत.

५. ऑनलाईन ३६, ४८ मेगापिक्सेलचे कॅमेरे चार-पाच हजारात दिसतात, मग महाग कशाला घ्यायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ते आकडे बहुतेक वेळा फुगवलेले असतात, आतला सेन्सर मोजून थोड्याच मेगापिक्सेलचा असतो आणि कॅमेरा सॉफ्टवेअरने तोच फोटो ताणून मोठा करतो, त्यात नवीन माहिती काही येत नाही, फक्त फाईल जड होते आणि कार्ड लवकर भरतं. अशा कॅमेऱ्यात सेटिंग खाली आणून ८ मेगापिक्सेलवर ठेवलं तरी फोटोत काही फरक दिसत नाही, करून बघा. जाहिरातीतला दिवसाचा फोटो बघून कधीच घेऊ नका. त्याच मॉडेलने कोणीतरी खरोखर जंगलात काढलेले रात्रीचे फोटो शोधा, त्यात चालणाऱ्या जनावराचे पाय स्पष्ट दिसतायत का बघा, का नुसता पांढरा ढग आहे. कॅमेरा कळतो तो रात्रीच्या चालत्या पायांवरून.

६. मग बघायचं तरी काय? एक-दोन गोष्टी सांगा.

दोनच सांगतो पण नीट सांगतो.

पहिली, जागं व्हायला लागणारा वेळ, ज्याला ट्रिगर स्पीड म्हणतात. कॅमेऱ्यापासून चार मीटरवर साधारण साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा फोटोत येतो. चरत चाललेलं हरीण सेकंदाला एखादा मीटर जातं, त्यामुळे कॅमेरा एका सेकंदाने जागा झाला तरी ते फ्रेममध्ये सापडतं, पण तेच हरीण दुडक्या चालीत असेल तर तेवढ्या वेळात तीन मीटर पुढे गेलेलं असतं आणि तुम्हाला मिळते शेपटी. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात पूर्ण एक हिवाळा फक्त मागचे पाय आले, सांबर आहे एवढं कळायचं, नर का मादी ते शेवटपर्यंत कळलं नाही. पायवाटेवर लावायचा असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आतला पाहिजे, पाणवठ्यावर लावायचा असेल तर जरा मंद असला तरी चालतो कारण जनावर तिथे थांबतं.

दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत, ती म्हणजे एक फोटो काढून दुसऱ्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, रिकव्हरी. काही स्वस्त कॅमेरे पहिला फोटो झटकन काढतात आणि मग कार्डवर लिहीत बसतात, रात्री तर फ्लॅश परत चार्ज व्हायला अजून वेळ. चितळांचा कळप जातो तेव्हा पुढे एखादी म्हातारी मादी असते, तिच्या मागे बाकीचे, आणि कॅमेऱ्यात नुसती ती एकटी. तुम्ही समजता एकच हरीण आलं. मोजदाद करायची असेल तर ही गोष्ट मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

आणि हो, ऊब ओळखून कॅमेऱ्याला जागं करणारा जो सेन्सर असतो (प्रश्न ५ मधला फोटोचा सेन्सर वेगळा), त्याला दिसणारा भाग आणि लेन्सला दिसणारा भाग सारखे असावेत. सेन्सर रुंद आणि लेन्स अरुंद असली की जनावर फ्रेममध्ये यायच्या आधीच फोटो निघतो, रिकामा. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, घरी तपासावं लागतं, कसं ते प्रश्न १९ मध्ये.

७. रात्रीचा फ्लॅश ८५० आणि ९४० असे दोन प्रकार दिसतात, कुठला?

हे आकडे इन्फ्रारेड प्रकाशाच्या तरंगलांबीचे आहेत, नॅनोमीटरमध्ये. ८५० वाला पेटला की कॅमेऱ्याकडे बघणाऱ्याला मंद लाल ठिपके दिसतात, पण उजेड लांबपर्यंत जातो आणि फोटो साफ येतो. ९४० वाला जवळजवळ दिसत नाही, पण पल्ला कमी आणि फोटो थोडा दाणेदार. दोन्हीचे रात्रीचे फोटो ब्लॅक अँड व्हाईटच येतात. हरणांसाठी मी ८५० घेतो. भेकर एकदा मान वर करून लाल ठिपक्यांकडे बघतं खरं, पण आमच्याकडे तेच भेकर दोन दिवसांनी परत त्याच वाटेने आलंय. चोरीची भीती असेल, माणसांची ये-जा असेल, तर ९४०.

पांढऱ्या फ्लॅशचाही एक प्रकार असतो, रात्री रंगीत आणि एकदम धारदार फोटो देणारा. वाघ-बिबट्यांच्या गणनेत तो वापरतात कारण पट्टे आणि ठिपके नीट दिसले तरच हा कुठला वाघ, तो कुठला बिबट्या हे ओळखता येतं. घरगुती वापराला त्याची गरज नाही, आणि शेजाऱ्यांना रात्री झगमगाट झाला की त्रास वेगळा.

८. सिमकार्डवाला घेऊ का? फोटो डायरेक्ट मोबाईलवर येतात म्हणे.

येतात, पण परदेशातून मागवण्याआधी थांबा. अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे मॉडेल तिथल्याच कंपन्यांच्या नेटवर्कला आणि त्यांच्या मासिक प्लॅनला बांधलेले असतात, आपलं सिम घातलं तरी काही होत नाही. दुसरं म्हणजे बँड, म्हणजे नेटवर्क ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतं तो पट्टा. जिओचं फोरजी मुख्यतः बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, तर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात हे बँड आहेत का ते आधी बघा, नुसतं फोरजी लिहिलंय म्हणून घेऊ नका. आणि ज्या झाडाला कॅमेरा बांधायचाय त्या झाडाखाली उभं राहून स्वतःच्या मोबाईलवरून एक फोटो पाठवून बघा, तो जायला दोन मिनिटं लागत असतील तर कॅमेराही तसाच धडपडणार आणि त्यात सेल खलास होणार.

माझं मत विचाराल तर दर आठवड्याला जागेवर जाणाऱ्याने साधा कार्डवाला घ्यावा. महिन्यातून एकदाच जमत असेल, किंवा पीक राखायचं असेल (प्रश्न १८), तर सिमवाला.

९. सेल कुठले घालायचे? चार्जेबल चालतात का?

सर्वात उत्तम म्हणजे एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेल, दीड व्होल्टचे. महाग आहेत पण शेवटपर्यंत दाब सारखा देतात आणि सहसा गळत नाहीत. साधे अल्कलाईन हळूहळू उतरत जातात, मग होतं काय की दिवसाचे फोटो चांगले येत राहतात आणि रात्रीचे काळे पडायला लागतात कारण फ्लॅशला ताकद पुरत नाही, आणि माणूस समजतो की कॅमेरा बिघडला. असे बरेच फोन आलेत मला. आधी सेल बदलून बघा.

चार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे आठ सेलचे ९.६ व्होल्ट, जिथे कॅमेऱ्याला १२ ची अपेक्षा आहे. काही मॉडेल यावर छान चालतात, काही पहिल्याच दिवशी बॅटरी लो दाखवतात, माहितीपत्रकात चार्जेबल चालतील असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला. नवे-जुने किंवा दोन कंपन्यांचे सेल एकत्र घालू नका. सोलर पॅनेल झाडीखाली फारसं कामाचं नाही, आणि जुलैमध्ये तर नाहीच.

१०. मेमरी कार्ड किती जीबीचं? कुठून घेऊ?

३२ जीबी, क्लास १०, चांगल्या कंपनीचं, बस. एक फोटो दोन एमबीचा धरला तरी सोळा हजार फोटो मावतात. ६४ आणि १२८ जीबीचं कार्ड सगळे कॅमेरे वाचत नाहीत. कार्ड दोन घ्या, एक कॅमेऱ्यात एक खिशात, आणि दर वेळी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही.

कार्ड मात्र ओळखीच्या, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून. मी एकदा स्टेशनबाहेर स्वस्तात दोन घेतली होती, वर ३२ लिहिलेलं, आत खरी जागा ८ च्या आसपास. त्या वर्षीचे मार्चमधले फोटो, मोहाची फुलं खायला आलेल्या सांबराचे, फाईली दिसतात पण उघडत नाहीत. मला अजून वाईट वाटतं त्याचं. नवीन कार्ड आलं की कॉम्प्युटरवर पूर्ण भरून बघा आणि परत वाचता येतंय का तपासा, त्यासाठी फुकट प्रोग्राम मिळतात, रात्री लावून झोपलं की सकाळी निकाल.

११. पावसाळ्यात ठेवू का काढून आणू? वॉटरप्रूफ लिहिलंय.

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त, आणि बाजारातले बहुतेक कॅमेरे एवढं डोळ्यासमोर ठेवून बनवलेलेच नसतात. खोक्यावर आयपी ६६ असेल तर जोराच्या सरीला पुरतं, ६७ असेल तर अजून बरं. पण पाणी बाहेरून धो धो शिरून कॅमेरा मरतो असं क्वचित होतं. तो मरतो आतल्या दमटपणाने.

एका ऑगस्टमध्ये मी झाडावरचा कॅमेरा उघडला तर रबराच्या कडेला बारीक लाल मुंग्यांची रांग, सेलच्या कप्प्यात त्यांची पांढरी अंडी तांदळाच्या कण्यांसारखी पसरलेली, आणि लेन्सच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. वाळवून तो चालू झाला पण लेन्सवर बुरशीचं जाळं राहिलं ते राहिलंच, त्यानंतरचा प्रत्येक फोटो धुक्यातला. मुंग्या कुठून शिरल्या तर मागच्या वेळी दार लावताना रबराखाली गवताची एक काडी अडकली होती, तेवढीच फट पुरली.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. दार लावायच्या आधी रबर कोरड्या फडक्याने पुसतो आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवतो. आत सिलिका जेलची पुडी, आणि ती दर फेरीला बदलतो, एकदा टाकून विसरलं की दोन आठवड्यांनी तिचा काही उपयोग राहत नाही. वर पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची छोटी पागोळी. भर पावसात दार उघडायचं नाही, कार्ड बदलायचंच असेल तर अख्खा कॅमेरा सोडून छपराखाली आणायचा. आणि ज्याचा एकच कॅमेरा आहे त्याने जुलै-ऑगस्ट तो सरळ घरी डब्यात ठेवावा, तसंही त्या दिवसात सगळीकडे पाणी आणि चारा असल्यामुळे हरणं विखुरतात आणि कारवी माणसाच्या उंचीच्या वर जाते, फोटो कमीच मिळतात.

१२. एप्रिल-मेमध्ये दुपारी जनावर समोरून गेलं तरी फोटो येत नाही. कॅमेरा खराब आहे का?

बहुतेक नाही. सेन्सर जनावराच्या अंगाची ऊब आणि मागच्या जमिनीची ऊब यातला फरक ओळखतो. मेमधल्या दुपारी जमीन, दगड, हवा सगळंच हरणाच्या अंगाएवढं तापलेलं, मग सेन्सरला काही वेगळं जाणवतच नाही. उन्हाळ्यात सेन्सिटिव्हिटी हाय करा, तोंड सावलीकडे ठेवा, पार्श्वभूमीला उघडा कातळ नको. काही कॅमेऱ्यात ऑटो असतं, ते बऱ्यापैकी काम करतं. उन्हाळ्याची दुसरी भीती वणव्याची. कॅमेऱ्याच्या झाडाभोवतीचं वाळकं गवत फेब्रुवारीतच काढून टाका.

१३. कार्डमध्ये दोन हजार फोटो आणि सगळे रिकामे! काय चुकतंय?

हललेलं गवत. उन्हात तापलेली काडी किंवा फांदी वाऱ्याने डोलली की सेन्सरला ते जनावरच वाटतं. समोरचं तीन-चार मीटर गवत, लोंबणारे वेल, काढा. बारीक झाडाला बांधलं असेल तर वाऱ्यात झाडासकट कॅमेरा हलतो, जाड खोड शोधा. हिवाळ्यात सेन्सिटिव्हिटी मध्यम पुरते.

तरीही रिकामे येणारच, मनाला लावून घेऊ नका. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, एकूण ३ कोटी ४८ लाखांच्या वर फोटो निघाले, त्यात वाघ होते ७६,६५१ मध्ये. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक.

१४. किती उंचीवर बांधायचा आणि तोंड कुठे?

चितळ आणि सांबरासाठी कमरेच्या जरा खाली, ७५ ते ९० सेंटिमीटर. भेकर आणि बिबट्यासाठी गुडघ्याएवढं. पिसोरी हवी असेल तर अजून खाली, घोट्याच्या वर वीतभर. वाटेपासून तीन-चार मीटर लांब. वाटेला काटकोनात बांधू नका, थोडा तिरका, म्हणजे जनावर फ्रेममध्ये जास्त वेळ राहतं, पण एकदम समोरून येणारंही नको, कारण सेन्सरला आडवं जाणारं पटकन कळतं आणि अंगावर येणारं उशिरा.

तोंड उत्तरेकडे, पूर्व-पश्चिम टाळा, नाहीतर सूर्य थेट लेन्समध्ये. एक बारीक गोष्ट, मुंबई १९ अंश उत्तरेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उगवतोही ईशान्येकडून, तेव्हा त्या दिवसात वर एखादी फांदी सावलीला असू द्या.

१५. पण जागा कशी शोधायची? माझ्या जमिनीत हरणं येतात का हेच माहीत नाही.

कॅमेऱ्याआधी डोळे वापरा. सकाळी ओढ्याच्या ओल्या वाळूत खुरांच्या जोड-खुणा, वाटेवर लेंड्यांचा ढीग, सांबराने शिंगं घासून साल काढलेलं खोड, चिखलात लोळून केलेला खड्डा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली, उंबर पिकलं की उंबराखाली, हिवाळ्यात आवळ्याखाली. आणि पाड्यावरच्या माणसाला विचारा. आमच्याकडचे एक ठाकर काका आहेत, मी दोन महिने चुकीच्या ओढ्यावर कॅमेरा लावून बसलो होतो, त्यांनी एका संध्याकाळी नुसतं बोट दाखवलं की भेकर इथून उतरतं, आणि तिसऱ्या रात्री नर भेकर, वरचे सुळे ओठाबाहेर आलेले, जिभेने स्वतःचा डोळ्यापुढचा खड्डा चाटतंय असा फोटो आला. तो फोटो काकांच्या घरात लावलाय.

१६. मीठ किंवा चारा टाकला तर लवकर येतील का?

येतील, पण टाकू नका. रोज एकाच जागी जनावरं गोळा झाली की रोग पसरतो, मागोमाग बिबट्या येतो, कुत्री येतात, आणि फासे लावणाऱ्यांना आयती जागा मिळते. कृत्रिम पाणवठा करायचा असेल तरी आधी वनखात्याशी बोला.

१७. माकडं आणि चोर, यांचं काय करायचं?

माकडांना पट्ट्याचं लोंबतं टोक दिसलं की ते ओढणारच, म्हणून टोक गुंडाळून आत खोचा. लोखंडी पेटी आणि तारेचं कुलूप मिळतं, ते लावा. चोरीवर अजून एक उपाय आहे तो म्हणजे ओळख, आसपासच्या पाड्यावर जाऊन कॅमेरा कशाला लावलाय ते सांगा आणि त्यातले फोटो दाखवा, मुलांना खूप आवडतात. जी वस्तू गावाला माहीत असते ती सहसा जात नाही.

इथेच एक महत्त्वाचं. बायका ज्या वाटेने पाण्याला, सरपणाला किंवा बाहेर जातात त्या वाटेवर कॅमेरा लावायचा नाही, म्हणजे नाही. पहाटे मोहफुलं वेचायला येणाऱ्या बाया असतात, त्या दिवसात त्या झाडावरचा कॅमेरा मी उतरवतो. चुकून कोणाचा फोटो आला तर तिथल्या तिथे डिलीट, दाखवणं नाही, पाठवणं नाही.

१८. शेतात सांबर-डुकरं नुकसान करतात, हे फोटो भरपाईला उपयोगी पडतात का?

पडतात. वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पंचनामा होतो, आणि तारीख-वेळ असलेला फोटो असला की कुठल्या प्राण्याने केलं यावर वाद होत नाही. म्हणून कॅमेऱ्यातली तारीख बरोबर आहे ना ते सेल बदलल्यावर दर वेळी बघा, बऱ्याच कॅमेऱ्यात सेल काढले की घड्याळ मूळपदावर जातं. अर्ज लगेच करा, पंचनामा होईपर्यंत शेत जसंच्या तसं ठेवा.

१९. विकत घेतल्यावर घरी कसा तपासायचा? परत करायची मुदत थोडीच असते.

त्या मुदतीतच सगळं करा. पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर रात्री लावा, जमिनीवर खडूने दर मीटरला खूण करा, आणि कोणालातरी समोरून आडवं चालायला लावा, आधी सावकाश मग भरभर. फोटोत माणूस कुठे सापडतोय ते बघितलं की ट्रिगर स्पीड खरं किती ते कळतं, आणि माणूस फ्रेममध्ये यायच्या आधीच रिकामा फोटो निघत असेल तर सेन्सर लेन्सपेक्षा रुंद आहे. मग रांगत जायला सांगा, कारण भेकराची उंची तेवढीच असते. मग आत सेलच्या कप्प्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवून दार लावा आणि झारीने दहा मिनिटं पाणी घाला, उघडल्यावर कागद ओला असेल तर त्याच दिवशी परत पाठवा. शेवटी आठ दिवस नुसता चालू ठेवा आणि सेल किती उतरले ते बघा.

बजेट बेताचं असेल तर एक चांगला घ्या, दोन स्वस्त नकोत. ब्राउनिंग, बुशनेल यांसारख्या जुन्या नावांचे कॅमेरे टिकतात, पण वॉरंटी भारतात मिळते का ते लिहून घ्या.

२०. बाल्कनीतून काचेआडून जंगलाकडे लावला तर?

नाही चालणार. अंगाची ऊब म्हणजे जी उष्णतेची किरणं सेन्सर ओळखतो ती खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत, आणि रात्री फ्लॅश काचेवर आपटून अख्खा फोटो पांढरा. खिडकी उघडी ठेवली तरी पाचव्या मजल्यावरून अंतरच जास्त होतं, बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर पंधरा-वीस मीटरच्या पुढे मंदावतो.

२१. हरणासाठी लावला होता, फोटोत बिबट्या आला! सोसायटीत सांगू का?

सांगा, पण फोटो ग्रुपवर टाकून घबराट करू नका. २०१५ साली बोरिवलीच्या उद्यानात कॅमेरा ट्रॅपने ३५ बिबटे मोजले गेले होते, म्हणजे भिंतीपलीकडे तो आधीपासून होताच, आता फक्त दिसला. कचरा उघडा पडू देऊ नका कारण कचऱ्यावर कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, मागच्या बाजूला दिवे लावा. पकडून दुसरीकडे सोडा अशी मागणी लोक करतात, पण एक नेला की रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि नेलेला अनोळखी जागी बिथरतो. फोटो कुठेही टाकताना जागेचं नाव, ओळखीचा कठडा, मागची इमारत दिसणार नाही असा कापून टाका, हरणांचे फोटोसुद्धा.

२२. फोटोत रात्री बंदूक किंवा फासे घेतलेली माणसं दिसली तर काय करायचं?

हे माझ्याबरोबर एकदा झालंय. रात्री सव्वादोनची वेळ, दोन माणसं, एकाच्या हातात तारेची भेंडोळी. तेव्हा पटकन तिथे जाऊन फासा सोडवावा असंच वाटतं, पण जाऊ नका, एकटे तर नाहीच. कार्ड काढा, त्यात काहीही बदल किंवा डिलीट न करता दोन ठिकाणी कॉपी करा, मूळ कार्ड बाजूला ठेवा, फॉरमॅट करू नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला किंवा ओळखीच्या वनरक्षकाला फोन करा, जागा आणि वेळ सांगा, ते आले की त्यांच्याबरोबर जा. फोटो कोणालाच पाठवू नका, गावात चर्चा नको, कॅमेरा तिथून लगेच हलवूही नका, कारण ती माणसं फासा बघायला परत येतात. आमच्याकडे वनखात्याच्या लोकांना त्या ओढ्यात सात फासे मिळाले, सगळे भेकराच्या मानेच्या उंचीवर बांधलेले, आणि त्यातल्या एकात भेकराचे केस अडकलेले होते. भेकर निसटलं होतं. मानेवर एका बाजूला केस नसलेला पट्टा घेऊन ते सोळा दिवसांनी त्याच कॅमेऱ्यात परत दिसलं.